छपराखालचे माळवे

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या पश्चिमेकडील महाद्वारातून बाहेर पडून ताराबाई रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कपिलतीर्थ मंडई येते. ही जागा मुळात तीर्थ, म्हणजे पवित्र मानलेले पाण्याचे तळे होती, आणि करवीरचे ग्रामदैवत समजल्या जाणाऱ्या कपिलेश्वराचे देऊळ आजही त्याच परिसरात उभे आहे. जुन्या कोल्हापुरात अशी तळी पुष्कळ होती. वस्ती वाढत गेली तशी त्यांतली अनेक बुजवली गेली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम आले, आणि कपिलतीर्थाच्या जागेवर भाजीबाजार वसला. तळी गेल्याने शहराचे जे नुकसान झाले ते भरून येण्यासारखे नाही, हे खरेच आहे. तरीही या बुजवलेल्या जागांपैकी जिथे रोज सकाळी गावातली सर्व थरांतली माणसे पायी येतात, थांबतात, बोलतात आणि काहीतरी घेऊन घरी जातात अशी जागा कोणती, असे विचारले तर उत्तर कपिलतीर्थ हेच द्यावे लागेल.

मंडई म्हणजे नगरपालिकेने वा महापालिकेने ठरवून दिलेल्या जागी, छपराखाली, ओट्यांवर आणि गाळ्यांत रोज भरणारा भाजीपाल्याचा बाजार. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या आठवडी बाजारापेक्षा ती वेगळी, कारण ती रोजची असते. घाऊक बाजारापेक्षा वेगळी, कारण तिथे पावशेर मिरची आणि मेथीची एक पेंडीही मिळते. आणि रस्त्याकडेच्या विक्रीपेक्षा वेगळी, कारण विकणाऱ्याची जागा उद्याही तीच राहील अशी तिथे खात्री असते. मोबाइलवरून मागवलेली भाजी काही मिनिटांत दाराशी येण्याच्या या काळातही अशा मंडईची ओढ टिकून आहे. ताजेपणा, स्वस्ताई आणि सवय ही तिची नेहमी सांगितली जाणारी कारणे खरी आहेत, पण अपुरी आहेत. भाजी पिकवणारा किंवा निदान ती पिकवणाऱ्याला ओळखणारा माणूस आणि भाजी खाणारा माणूस रोज समोरासमोर येतात, आणि मालाचा कस, त्याचा भाव व त्याविषयीची माहिती या तिन्ही गोष्टी उघड्यावर, सर्वांदेखत ठरतात, हे मंडईचे खरे बळ आहे. छप्पर या व्यवहाराला जागेची स्थिरता देते. ही स्थिरता कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो पुढे येईलच.

छपराखालचा बाजार ही कल्पना महाराष्ट्रात आजच्या रूपात रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरणारा भाजीबाजार हलवून त्यासाठी अष्टकोनी मनोऱ्याची आणि आठ बाजूंना फाकलेल्या दालनांची दगडी वास्तू बांधली गेली, तिचे उद्‌घाटन १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते झाले आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. स्वच्छता, शिस्त आणि भाड्याचे उत्पन्न हे या बांधकामांमागचे शासकीय हेतू होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी मंडईच्या या खर्चाला विरोध केला होता, कारण तोच पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. शेतकऱ्याचे अर्थकारण त्यांच्याइतके जवळून पाहिलेला दुसरा माणूस त्या सभागृहात क्वचितच असेल. पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला फुल्यांचे नाव दिले गेले, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज त्यांचेच नाव आहे. इमारत सुंदर असणे आणि तिचा उपयोग कष्टकऱ्याला होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही फुल्यांची दृष्टी मंडईविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावी अशी आहे.

कोल्हापूर संस्थानात बाजारपेठेची वाढ निराळ्या वाटेने झाली. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुळाचा व्यापार तिथे एकवटला आणि कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले, ज्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला कायद्याने मिळणारी नावाची ओळख, प्राप्त झाले. पुढच्या काळात शहराने प्रत्येक वस्तूला जणू आपापली पेठ नेमून दिली. धान्य आणि मिरची-मसाल्यासाठी लक्ष्मीपुरी, जिथे रविवारचा आठवडी बाजारही भरतो. धारोष्ण दुधासाठी गंगावेशीतला दूध कट्टा, जिथे म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर दूध काढले जाते. घाऊक भाजीपाला, कांदा-बटाटा आणि गुळाच्या सौद्यांसाठी शेती उत्पन्न बाजार समितीचे श्री शाहू मार्केट यार्ड. आणि घरच्या रोजच्या माळव्यासाठी, म्हणजे भाजीपाल्यासाठी, कपिलतीर्थासारख्या मंडया. दूध कट्टा आणि मंडई यांच्यामागे एकच वृत्ती दिसते: वस्तू कुठून आली आणि कशी निघाली हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोल्हापूरकराचे समाधान होत नाही.

मंडईतल्या ओट्यावर आलेली भाजी दोन वाटांनी आलेली असते, आणि त्यातला फरक सामान्य गिऱ्हाइकाला क्वचितच ठाऊक असतो. पहिली वाट मार्केट यार्डातून येते. शेतकरी पहाटे माल अडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून त्यावर ठरावीक टक्के अडत घेणाऱ्या मध्यस्थाकडे, पोहोचवतो. तिथे सौदा निघतो, पालेभाजीचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंड्यांवर बोलला जातो, फळभाजीचा वजनावर. मग हमाली आणि तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती हिशोबाची पट्टी येते. महाराष्ट्रात २०१६ पर्यंत फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याच्याच रकमेतून कापली जात असे. त्या वर्षी राज्य शासनाने ती खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला आणि फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरचे नियंत्रणही उठवले. सौद्यात माल घेतलेला किरकोळ विक्रेता तो टेम्पोत घालून मंडईत आणतो, निवडतो, पाणी मारतो आणि मांडतो. दुसरी वाट फार आखूड आहे: पंचगंगाकाठच्या किंवा शहरालगतच्या गावातली शेतकरीण आदल्या संध्याकाळी काढलेले माळवे बुट्टीत भरते, पहिल्या एसटीने किंवा गावच्या वडापाने, म्हणजे खासगी प्रवासी जीपने, शहरात येते आणि मंडईच्या कडेला पोते अंथरून बसते.

या दोन वाटांतला फरक पैशांत मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासाने देशपातळीवर असे दाखवले की ग्राहक टोमॅटोसाठी जो एक रुपया देतो त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याकडे पोहोचतात, कांद्याचे सुमारे ३६ आणि बटाट्याचे सुमारे ३७. उरलेल्या रकमेत वाहतूक, नासाडी, हमाली, अडत आणि दोन-तीन हातांचा नफा असतो, आणि त्यातला बराचसा खर्च खराच असतो; मधला प्रत्येक माणूस लुटारू आहे असे मानणे अन्यायाचे होईल. कोल्हापुरात फळे आणि भाजीपाल्याच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या बागवान कुटुंबांकडे मालाची जी पारख आहे ती कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. पण आखूड वाटेने आलेल्या बुट्टीतला रुपया जवळजवळ अख्खा तिच्या मालकिणीच्या कनवटीला जातो, आणि बारा किलोमीटरवरून आलेल्या भाजीला नासाडीची भीतीही कमी असते.

बुट्टीभर माळव्याचे महत्त्व कळण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याची शेती समजून घ्यावी लागते. हा उसाचा प्रदेश आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते. शाहू छत्रपतींनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे पाणी याच खोऱ्यात येते, आणि या पाण्यावर मैलोन्‌मैल ऊस उभा राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात असतो. तो तुटून कारखान्यात गेल्यावर चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराने पैसे द्यावेत असा केंद्र सरकारचा नियम आहे. पण हे पैसे नियमाप्रमाणे आले तरी ते दीड वर्षातून एकदा येणारे पैसे असतात, आणि त्यांची वाट सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, लग्नकार्य अशा मोठ्या तोंडांनी आधीच पाहिलेली असते. घरातला रोजचा खर्च त्यावर चालत नाही.

तो चालतो दुधावर आणि माळव्यावर. उसाची लागण झाल्यावर पहिले दोन-तीन महिने सऱ्यांमधली जमीन मोकळी असते, आणि ऊस सावली धरण्याआधी त्या जागेत कोथिंबीर, मेथी, मुळा, कांद्याची पात, कोबी, फ्लॉवर, काकडी किंवा भुईमूग निघून जातो. मुख्य पिकाच्या ओळींमध्ये घेतल्या जाणाऱ्या या थोड्या मुदतीच्या पिकाला आंतरपीक म्हणतात. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर त्याहून थोड्या जास्त दिवसांत हाती येते. उसाला दिलेल्या पाण्यावर आणि खतावरच ती पोसली जाते, आणि तिच्या विक्रीतून लागणीचा बराच खर्च निघतो. बांधावरचा दोडक्याचा वेल, विहिरीकाठचा अळू, परसातला शेवगा आणि कढीपत्ता यांची तर शेतीच्या कुठल्याही नोंदवहीत नोंद नसते. या सर्वांची निवड, काढणी, पेंड्या बांधणी आणि विक्री बहुतांशी घरातल्या बायका करतात आणि त्याचा पैसा त्यांच्या हातात राहतो. ऊसबिल मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जमा होते. दक्षिण महाराष्ट्राच्या सुपीक पट्ट्यातल्या शेतकरी स्त्रीचे स्वतःचे असे जे थोडे आर्थिक स्वातंत्र्य आहे त्याचा मोठा भाग दूध डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलातून आणि मंडईतल्या बुट्टीतून आला आहे, आणि त्याची मोजदाद व्हावी तशी झालेली नाही.

आता छपराकडे वळावे. तोडलेली भाजी मेलेली नसते; तिचा श्वासोच्छ्वास चालू असतो, ती साठवलेली साखर जाळत असते आणि पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर टाकत असते. मुळापासून तुटल्यामुळे ते पाणी परत मिळत नाही, आणि वजनाच्या काही टक्के पाणी गेले की पान माना टाकते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की हा श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात उघड्यावर ठेवलेली आणि छपराखाली ओल्या पोत्यावर ठेवलेली, एकाच वाफ्यातली मेथी दुपारी बारा वाजता ओळखू येणार नाही इतकी वेगळी दिसते. विक्रेत्या बायका सकाळपासून अधूनमधून हाताने पाणी शिंपडतात आणि पेंड्यांवर ओले फडके घालतात, ते पाणी वाफ होऊन उडताना भोवतीची उष्णता घेते, आणि विजेशिवाय चालणारा हा गारवा सकाळच्या बाजारापुरता पुरतो. पावसाळ्यात छपराचे काम उलटे असते. जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास आणि कधी त्याहूनही जास्त पाऊस पडतो, शहरात त्याच्या मानाने बराच कमी, पण जून ते सप्टेंबर झड लागली की उघड्यावरची पालेभाजी दिवसभरात चिखलाने माखते आणि सडते. छप्पर असले की विकणाऱ्याला पडेल त्या भावाने माल मोकळा करण्याची घाई राहत नाही, आणि गिऱ्हाइकालाही चार ओटे फिरून पाहण्याची सवड मिळते. भाव ठरवताना दोन्ही बाजूंना लाभणारी ही सवड म्हणजे छपराची सर्वांत मोठी कमाई आहे.

मंडई पाहावी ती ऋतूंप्रमाणे, कारण कोल्हापूरचे पंचांग तिथे मांडलेले असते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर पश्चिमेच्या शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड या डोंगराळ तालुक्यांतून टाकळा, कुर्डू, भारंगी अशा न पेरता उगवणाऱ्या रानभाज्या येतात. त्या ओळखणाऱ्या आणि खुडणाऱ्या बायकांची संख्या कमी होत चालली आहे, आणि त्यांच्याबरोबर कोणती भाजी किती उकळून पाणी काढून टाकावी हे ज्ञानही विरळ होत आहे. श्रावणात अळूची पाने, केळफूल आणि पडवळ यांना मागणी येते. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाविना उगवलेल्या भाज्यांची मिसळ लागते, आणि त्यापाठोपाठ गौरी येतात, तेव्हा तेरड्याच्या रोपांचे भारे मंडईभोवती लागतात आणि आवाहनाच्या दिवशीच्या भाजी-भाकरीच्या नैवेद्यासाठी शेपूच्या पेंड्यांचा ढीग सकाळीच संपतो. नवरात्रात कोहळ्याला मान मिळतो, कारण ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो, ज्यामुळे कोल्हापूरकर त्या दिवसाला कोहळापंचमीच म्हणतात.

थंडी पडली की मंडई सर्वांत देखणी दिसते. चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, चुका, पोकळा, अंबाडी अशा पालेभाज्या एकाच वेळी येतात. पावटा, घेवडा आणि वरणा यांच्या शेंगांचे ढीग लागतात. काटेरी देठाची, पांढऱ्या-जांभळ्या रेघांची वांगी नदीकाठच्या काळ्या जमिनीतून येतात, आणि भोगीला तर वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, बोरे आणि उसाचे करवे यांचा मिळून एकच वाटा लावून विकला जातो, म्हणजे गिऱ्हाइकाला दहा ठिकाणी दहा गोष्टी शोधाव्या लागत नाहीत. महाशिवरात्रीला रताळी येतात. उन्हाळ्यात हिरवा भाजीपाला आटतो आणि त्याची जागा कैरी, करवंद, फणस आणि जांभूळ घेतात, तर शेजारच्या लक्ष्मीपुरीत वर्षाच्या चटणीसाठी संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीच्या खरेदीची झुंबड उडते. बारमाही मिळणाऱ्या टोमॅटो-कोबीच्या जगात कोणती भाजी कोणत्या महिन्याची हे मुलांना शिकवायचे असेल तर वर्षभर महिन्यातून एकदा मंडईत फेरी मारणे यासारखा दुसरा उपाय नाही.

या सर्व मालाला एक शब्द कायम चिकटलेला असतो, तो म्हणजे जवारी. जवारी म्हणजे स्थानिक, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मातीत घेतलेले, घरी बी धरून ठेवलेले वाण. त्याच्या उलट संकरित, म्हणजे कंपनीच्या बियाण्याचे. जवारी कोथिंबीर उंचीला कमी आणि वासाला जास्त, जवारी काकडी आकाराने वेडीवाकडी आणि चवीला गोड, जवारी मिरची तिखटाला अधिक. अशा वाणांचे उत्पादन कमी येते, ती फार टिकत नाहीत आणि दूरच्या वाहतुकीला सोसत नाहीत, म्हणून मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर ती पोहोचूच शकत नाहीत. त्यांना जगवणारी जागा एकच: जिथे गिऱ्हाईक पान चुरगळून वास घेऊन पाहते आणि त्या वासासाठी चार रुपये जास्त देते. बियाण्याच्या संवर्धनाविषयी परिसंवाद होतात ते आवश्यकच आहेत, पण जवारी वांग्याचे बी पुढच्या वर्षी राखेत घोळून ठेवले जाईल की नाही, याचा निर्णय मंडईतल्या मागणीवर होतो.

हा निर्णय बोलण्यातून होतो. “मावशी, पेंडी कशी?” या प्रश्नाने सुरू झालेला व्यवहार भाजी कुठली, कधी काढली, पाणी नदीचे की विहिरीचे, यंदा पाऊस लांबल्याने कीड पडली का, अशा वळणांनी जातो आणि कधी घरच्या आजारपणापर्यंत पोहोचतो. सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, आणि भवानीच्या गिऱ्हाइकाशी फार घासाघीस करू नये, तसेच त्याला मोकळ्या हाताने परतही पाठवू नये असा दोन्ही बाजूंचा संकेत असतो. भाजी घेतल्यावर वर चार काड्या कोथिंबीर आणि कढीपत्त्याचा एक डहाळा पडतो. त्याची किंमत कोणी मोजत नाही, पण तो पडला नाही तर गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या ओट्यावर जाते. कडू निघालेली काकडी दुसऱ्या दिवशी सांगता येते आणि तिची भरपाई होते, कारण विकणारी त्याच जागी बसलेली असते. अर्थशास्त्रात याला वारंवार घडणाऱ्या व्यवहारातून उपजणारा विश्वास म्हणतात: उद्या पुन्हा भेटायचे आहे ही जाणीव आजच्या फसवणुकीला आळा घालते, आणि त्यासाठी वेगळ्या निरीक्षकाची गरज पडत नाही. पिशवीबंद भाजीवर छापलेली तारीख आणि चिन्हे याच विश्वासाची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करतात.

कोल्हापुरात सार्वजनिक जागेवर सर्व थरांतली माणसे अशी एकत्र येण्याला आणखी एक इतिहास आहे. शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये सार्वजनिक इमारती, पाणवठे आणि शाळांमध्ये अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे आदेश काढले, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना शहरात चहाचे दुकान काढून देऊन स्वतः तिथे थांबून चहा घेतला. अन्न कोणाच्या हातचे घ्यावे हा प्रश्न जिथे जातीने ठरवला होता तिथे राजाने भर रस्त्यात दिलेले ते उत्तर होते. मंडईत आज गिऱ्हाईक आणि विक्रेता एकमेकांची जात न विचारता एकाच ढिगात हात घालतात, हे आपोआप घडलेले नाही. ते ज्यांनी घडवले त्यांचे नाव या शहरात रोज घेतले जाते ते उगीच नाही.

असे असूनही छपराखाली सर्वांना जागा नाही, आणि मंडईच्या कौतुकात ही गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ओटे आणि गाळे परवानाधारकांचे असतात, त्यांचे भाडे भरणारे बहुतेक जण किरकोळ व्यापारी असतात, आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहेत. ज्या शेतकरणीच्या बुट्टीमुळे मंडईला शेतकऱ्यांचा बाजार म्हणावे ती मात्र बहुधा छपराच्या बाहेर, पागोळ्यांखाली किंवा रस्त्याच्या कडेला बसते, आणि अतिक्रमण हटवण्याची मोहीम आली की सर्वांत आधी तिलाच उठावे लागते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणाऱ्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती नेमण्याची तरतूद केली असून तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. पूर्वापार भरत आलेल्या बाजारांना नैसर्गिक बाजार म्हणून मान्यता देण्याचाही त्यात विचार आहे. परंतु समितीवर नाव लागण्यासाठी आधी सर्वेक्षणात नाव लागते, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारी, हंगाम संपला की दोन महिने न दिसणारी शेतकरीण सर्वेक्षणाच्या दिवशी नेमकी हजर असेलच असे नाही.

शेतकऱ्याला थेट विक्रीसाठी जागा देण्याचे प्रयोग देशात झाले आहेत. आंध्र प्रदेशात आणि तामिळनाडूत १९९९ मध्ये सुरू झालेल्या रयतु बाजार व उळवर संदै या योजनांत शेतकऱ्याला ओळखपत्र, विनाभाडे ओटा आणि वजनकाटा सरकारच पुरवते, आणि भाव रोज फळ्यावर लिहिले जातात. महाराष्ट्रात पणन मंडळाने २०१६ मध्ये संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. आपल्या मळ्यातल्या मुळा-भाजीत विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या या संताचे नाव अशा योजनेला देणे सर्वार्थाने उचित होते. मात्र आठवड्यातून एका दिवशी मैदानात तंबू टाकून भरणारा बाजार आणि रोजची मंडई यांत अंतर आहे: मेथी आठवडाभर थांबत नाही, आणि ओळख रोजच्या भेटीने होते. कोल्हापूरसारख्या शहरात नवा बाजार दूर कुठे उभारण्यापेक्षा जुन्या मंडयांतच पहाटे ते दहा या वेळेत काही ओटे स्वतः पिकवणाऱ्यांसाठी, रोजच्या नाममात्र पावतीवर, राखून ठेवणे अधिक फलदायी ठरेल. जागा तीच, गिऱ्हाईक तेच, आणि परवानाधारक व्यापाऱ्याचा मुख्य धंदा त्यानंतरही चालू राहील.

ओटे राखण्याआधी मात्र एका साध्या सोयीकडे पाहावे लागेल. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठचे मळे पाण्याखाली गेले, रस्ते तुटले आणि शहरात भाजीचे भाव भडकले, तेव्हा मंडईच्या कडेला बसणाऱ्या शेतकरणींच्या बुट्ट्यांवर शहर किती अवलंबून आहे ते सर्वांना दिसले. पाणी ओसरल्यावर पहिली मेथी घेऊन त्या पुन्हा आल्या. पण त्यांतल्या अनेकजणी पहाटे घर सोडल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत, कारण बाजाराजवळ वापरण्याजोगे, स्वच्छ, दार लागणारे आणि फुकट स्वच्छतागृह सहजी सापडत नाही. मूत्रमार्गाचे विकार हा बाजारात बसणाऱ्या स्त्रियांचा नेहमीचा आजार आहे, हे कुठल्याही डॉक्टरला विचारले तर कळेल. मंडईचे नूतनीकरण करण्याचे आराखडे निघतात तेव्हा दर्शनी कमान, वाहनतळ आणि वरच्या मजल्यावरचे गाळे यांची चर्चा लांबते. त्या आराखड्यात सर्वांत आधी पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छतागृहांचा संच आणि त्यांची रोजची देखभाल करणाऱ्या माणसाचा पगार यांची तरतूद झाली पाहिजे, आणि या सोयी कुठे असाव्यात हे त्या बायकांना विचारून ठरले पाहिजे.